लेम्पीसाठी गळाची काठी

मार्च संपत आला तरी बर्फ हटायचं नाव घेत नव्हता आणि अर्व्हो साल्मेलाला घरात बसवत नव्हतं. खिडकीपाशी जायचा, शेगडीत लाकूड सारायचा, पुन्हा शेडमध्ये. तिथे रंधा उचलायचा आणि तसाच खाली ठेवायचा.

मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला ट्राउट मासे धरायचा मोसम महिन्यावर आला होता. अर्व्होने जन्मभर बांबूच्या गळाच्या काठ्या केल्या. बांबू उभा चिरायचा, पट्ट्या रंध्याने तिकोनी करायच्या, शेंड्याकडे निमुळत्या होत गेलेल्या. अशा सहा पट्ट्या चिकटवल्या की एकसंध, सहा पैलूंचा एक भाग तयार. बुंध्याचा आणि शेंड्याचा असे दोन भाग जोडले की काठी. डेट्रॉइटच्या डॉक्टर-वकिलांना त्याने अशा काठ्या करून दिल्या. बायकोला मात्र एकही नाही. लेम्पी अजून फायबरच्या स्वस्तातल्या काठीने मासे धरायची, आणि त्याच्याहून जास्त धरायची.

या वर्षी तिच्यासाठी करायचीच, असं त्याने ठरवलं आणि नेमका उजवा हात थरथरायला लागला. रंधा केसभर खोल गेला की पट्टी वाया. वाया गेलेल्या पट्ट्या तो गुपचूप शेगडीत घालत होता.

आता मदतीला उरला होता फक्त मेहुणा. लेम्पीच्या या धाकट्या भावाने, वायनोने, जुन्या वॉशिंग मशीनची मोटर लावून पट्ट्या कापायचं मशीन बनवलं होतं. काठ्या करणाऱ्यांच्या मेळाव्यात भर सभेत अर्व्हो म्हणाला होता, "वायनो काठ्या करत नाही, पेन्सिली सोलतो." सगळे खो खो हसले. तेव्हापासून वायनो घरी यायचा तो नाताळातच, आणि बोलायचा तो बहिणीशीच.

दोनदा अर्व्होने गाडी काढली आणि वळणावरून परत फिरवली. तिसऱ्यांदा मात्र वायनोच्या घरी पोचला.

"या, या, दाजी! रस्ता चुकलात की काय?"

"पट्ट्या कापायच्यात."

"कशाच्या? पेन्सिलींच्या?"

अर्व्हो ताडकन दाराकडे वळला. हात कडीवर गेला, पण कडी काही त्याला उघडवेना. तिकडेच बघत तो म्हणाला, "लेम्पीसाठी आहेत."

वायनोचं हसू मावळलं. "ताईसाठी? संसार होऊन गेला, आता आठवलं होय!"

"कापू देणार का नाही, तेवढं बोल."

वायनोने खटका दाबला. मशीन असं गरजलं की कपाटावरचे डबे वाजायला लागले. समोरासमोर तिरकी बसवलेली दोन पाती फिरत होती. निमुळत्या साच्यावर पट्टी आवळायची आणि दांड्याने साचा हळूहळू पुढे सारायचा, एवढंच काम. पण अर्व्होला दम कुठला! त्याने दांडा रेटला. फाडकन पट्टी फुटली आणि तुकडा भिंतीवर आदळला.

"दाजी, हळू! बैल हाकताय का?"

दुसरीही तशीच गेली. वायनोने मशीन बंद केलं. खोलीत एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत अर्व्होच्या हातातली फुटकी पट्टी नुसती थडथडत राहिली. त्याने घाईघाईने हात खिशात घातला.

वायनो पुढे झाला. मशीन पुन्हा सुरू करून त्याने स्वतःचा हात टेबलावर ठेवला. टेबल हादरत होतं, हात हादरत होता.

"इथे सगळ्यांचेच हात असे होतात," तो ओरडून म्हणाला. "धरा दांडा. आणि श्वास घ्या जरा."

संध्याकाळपर्यंत दोन्ही भागांच्या पट्ट्या झाल्या. दोघांच्या भुवयांवर बांबूचा पिवळा भुगा बसला होता. चिकटवणं, घासणं, वार्निश यात पुढचे दिवस गेले. उरल्या त्या काठीवरून गळाची दोरी ओवायच्या बारीक कड्या. त्या रेशमी दोऱ्याने बांधायच्या, धाग्याला धागा लावून. वायनोची बोटं जाडजूड, अर्व्होची स्थिर राहीनात.

शेवटी अर्व्होने काठी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेम्पीपुढे ठेवली. तिने ती फिरवून फिरवून पाहिली.

"ही तुझ्या रंध्याची नव्हे."

"वायनोच्या मशीनवर केली. कड्या तुलाच बांधाव्या लागतील. माझा हात..."

"माहिताय. रोज सांडलेली कॉफी पुसतं कोण?" तिने शिवणाचा डबा ओढला. "दिवा जवळ घे. आणि येरझाऱ्या घालू नकोस, टेबल हलतं."

मोसम उघडला त्या सकाळी तिघेही नदीवर गेले. लेम्पी मांडीभर पाण्यात उतरली. अर्व्हो काठावरून खाली-वर करत होता. "दोरी सैल सोड! डावीकडे, त्या ओंडक्यामागे टाक!"

"अर्व्हो, एक तर पाण्यात ये, नाही तर गप्प बस."

एवढ्यात काठी वाकली. लेम्पीने मासा सावकाश दमवला, जाळीत घेतला, सोडूनही दिला.

"कशीय गं ताई?" वायनोने विचारलं.

"चांगलीय. शेंड्याला जरा ताठ आहे."

"बघ!" अर्व्हो उसळला. "तुझा साचाच जाड!"

"साचा बरोबर आहे, दाजी! तुम्ही शेंडा घासला कमी!"

"मी कमी घासला? चल, आत्ता मापून बघू."

भांडत भांडतच दोघे चढ चढून गाडीकडे निघाले. नवा शेंडा आजच कापायचा, असं वरपर्यंत पोचताना ठरूनही गेलं. माप घ्यायची ती काठी मात्र लेम्पीच्याच हातात राहिली होती. तिने वर बघितलं, त्यांना हाक काही मारली नाही आणि गळ पुन्हा ओंडक्यामागे टाकला.