वाढत्या मापाचा कोट

लेकीला दूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि मास्तरांच्या अंगात काटकसर संचारली. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. पुस्तकं त्यांनी जुनी मिळवली. हॉस्टेलच्या चादरी गिऱ्हाइकांच्या पडद्यांतून उरलेल्या कापडाच्या केल्या. ते कसं उरतं, हे टेलरला विचारू नये. एका चादरीवर पडद्यावरच्या छापील जहाजाचं नाक आलं, शेपूट उशीच्या अभ्र्यावर.

मग कॉलेजच्या दुकानातल्या प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाची किंमत कळली आणि मास्तरांचं पित्त खवळलं.

"एवढ्यात तर मी अख्खा नवरदेव सजवून देतो!"

"मग शिवा," बायको म्हणाली. "पण उद्या सकाळी तिची गाडी आहे. नीट बसला नाही, तर मी विकतचा घेऊन देणार. पहिल्याच दिवशी पोरीचं हसं नको."

मास्तरांना ते झोंबलं. दुपारपर्यंत कोट तयार. लेकीने तो चढवला आणि तिचे हात बाह्यांत गडप झाले, खांदे दंडावर उतरले, खालची कड पावलांवर लोळू लागली.

"बाबा, यात मी आणि माझी रूममेट, दोघी मावू."

"वाढत्या मापाचा आहे. शेवटच्या वर्षापर्यंत पुरायला नको?"

हे मास्तरांचं जुनंच. साऱ्या गावाला टेप लावतील, पण लेकीचं माप नजरेनं, वर चार बोटं जास्त. पहिल्या गणवेशापासून हाच रिवाज. घरच्या पोरीला कसली आलीय टेप?

"अहो, एकदा लावून तर बघा," बायको म्हणाली.

मास्तरांनी कुरकुरत टेप लावली. अंदाजापेक्षा बराच कमी आकडा पाहून ते चपापले. कपाटातून तिचा दोन वर्षांपूर्वीचा ड्रेस काढून तिला घालायला लावला. त्यातली चार बोटं अजून तशीच रिकामी होती.

"वाढायची थांबलीस होय गं? कधी?"

"अकरावीतच, बाबा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं वाढवत होतात!"

मायलेकी पोट धरून हसल्या. मास्तरांना मात्र हसू येईना. पोर त्यांच्या डोळ्यांदेखत मोठी होऊन बसली होती आणि नेमकं त्यांनाच ते दिसलं नव्हतं. वाईट वाटलं त्यांना, फार वाईट वाटलं. मग त्यांनी टेप खांद्यावर टाकली, गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं तिचं रीतसर माप घेतलं आणि कोट पुन्हा मशीनवर चढवला. संध्याकाळी तो असा चोख बसला, की विकतच्या कोटाचा विषयच मिटला.

बॅग भरताना बायकोनं कोटाची घडी घातली आणि आतली शिवण तिच्या बोटांना जाड लागली. जादाचं कापड मास्तरांनी कापलंच नव्हतं. सगळं आत दुमडून वर टाके घातले होते.

"हे कशाला आता? ती वाढायची नाही, पाहिलंत ना?"

मास्तर बटणांचा डबा आवरत राहिले.

"हॉस्टेलचं जेवण मानवलं तर? असू दे," ते म्हणाले. "उसवून घ्यायला म्हणून तरी घरी येईल."