पिठाच्या डब्यातली नऊ मतं

मी पिठाचा डबा बोलतोय. हसू नका! शाळेच्या फाटकापाशी, नव्या सावलीखाली भिंतीला टेकून उभा आहे ना, तोच मी. माझ्या झाकणाला एक लांबट भोक आहे. ते गंजून पडलेलं नाही, मुद्दाम पाडलेलं आहे. त्या भोकातून या शहरातली सगळ्यात चुरशीची निवडणूक माझ्या पोटात गेली. असं भाग्य किती डब्यांना मिळतं सांगा!

माझा जन्म देवगडच्या बाजारातला. पत्र्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला ठोकून ठोकून आकार दिला. प्रभावतीकाकींनी चार डबे वाजवून बघितले आणि मला उचललं. तांदळाचं पीठ भरून, चादरीत गुंडाळून मी विमानानं मस्कतला आलो. आधी तिथल्याच वादी अदाई भागातल्या दोन खोल्यांत राहिलो. मग काकींच्या नवऱ्याची, रमणकाकांची, बदली झाली आणि आम्ही या किनाऱ्यावरच्या छोट्या शहरात आलो. मस्कतहून गाडीनं दोन तास. एकोणीस वर्षं माझ्यातल्या पिठाचे घावणे झाले, भाकऱ्या झाल्या. माझं बरं चाललं होतं.

रमणकाका एका कंपनीचं स्टोअर सांभाळतात. माणूस सरळ, पण नियमाचा फार पक्का. सहीशिवाय एक स्क्रूसुद्धा बाहेर जाऊ देणार नाहीत. "नाव, सही, कार्ड नंबर, मोबाइल. लिहिलं तर सामान, नाही तर यल्ला, परत जा!" जेवतानासुद्धा हेच सांगायचे. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

तर, आमच्या शहरातल्या भारतीय शाळेच्या समितीवर पालकांची एक जागा रिकामी झाली. एका घराचं एक मत. निवडणूक अधिकारी कोण? अर्थात रमणकाका. त्यांच्या मुली शिकून भारतात गेल्या, त्यामुळे ना त्यांचं स्वतःचं मत, ना कुणाशी नातंगोतं.

उमेदवार दोन. एक केयूर, पुण्याचा इंजिनियर. त्याला शाळेत रोबोट बनवायची प्रयोगशाळा हवी होती. माणूस गोड बोलणारा आणि खरंच हुशार. दुसरी बिलकीस, श्रीवर्धनकडची. तिचा नवरा यासिर काकांच्याच कंपनीत क्रेन चालवतो.

बिलकीसला एकच गोष्ट हवी होती. सावली.

शाळा सुटल्यावर बस दोन फेऱ्या करते. दुसऱ्या फेरीची लहान मुलं दुपारी दीड वाजता फाटकाबाहेर उन्हात उभी राहायची, अर्धा अर्धा तास. इथलं ऊन म्हणजे काय, ते पत्र्याला विचारा. मे महिन्यात बिलकीसची अमरीन, पहिलीतली पोर, तिथंच चक्कर येऊन पडली. बिलकीसनं तीन सभांमध्ये सावली मागितली. तिन्ही वेळा "बघू, इन्शाल्ला" असं उत्तर मिळालं. शेवटी ती काकींकडे घावणे खाता खाता म्हणाली, "काकी, मागून मिळत नाही, मग मीच उभी राहते. पुढच्या उन्हाळ्याआधी ते छप्पर झालंच पाहिजे. अमरीनला परत तिथं उभी करायची माझी हिंमत नाही."

तिचे डोळे भरले होते. मी पत्र्याचा असलो तरी मला कसंतरीच झालं.

मतदानाला दोन दिवस राहिले आणि कळलं की शाळेची मतपेटी गोदामात तडकली आहे. रमणकाकांनी स्वयंपाकघरात इकडंतिकडं बघितलं. त्यांची नजर माझ्यावर थांबली. छिन्नी आणि हातोडी आली!

"अहो, ह्यो माझो पिठाचो डबो!" काकी कडाडल्या. "आता पीठ काय पदरात ठेवू?"

"अगो, सोमवारी घराक परत हाडतंय," काका म्हणाले आणि त्यांनी घाव घातला.

दुखलं? हो, दुखलं. पण लाल लाख लावून, कुलूप घालून मला शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर ठेवलं, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. काल पीठ, आज लोकशाही!

शनिवारी सकाळी आठपासून रांग लागली. अत्तराचा वास, घामाचा वास, पोरांचा इंग्रजीतला कलकलाट. बायका नटून आल्या होत्या, जणू लग्नालाच. चिठ्ठ्या टपाटप पडत होत्या आणि प्रत्येक चिठ्ठी मला आतून दिसत होती. केयूर, बिलकीस, बिलकीस, केयूर. मी गुदमरत होतो, पण आनंदानं. रमणकाकांनी सकाळी एकदाच ओरडून सांगितलं होतं, "चिठ्ठीवर फक्त खूण करायची! दुसरं काही लिहाल तर मत बाद!" ते ऐकायला तेव्हा होते जेमतेम वीस जण.

बाराच्या सुमाराला कंपनीची गाडी आली. यासिर आणि त्याच्याबरोबरची माणसं कामाच्या कपड्यांवरच उतरली. जेवणाच्या सुट्टीत मत देऊन परत जायचं होतं. त्यांच्या चिठ्ठ्या पडायला लागल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बिलकीसपुढं खूण होती, ती ठीक. पण खाली हे काय? नाव, सही, कार्ड नंबर, मोबाइल!

त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं? या देशात बँकेत जा, दवाखान्यात जा, सिमकार्ड घ्यायला जा, ओळखपत्राचा कार्ड नंबर लिहिल्याशिवाय कुणी कागद हातात घेत नाही. मला ओरडून सांगायचं होतं, "अरे, थांबा!" पण डब्याला आवाज असतो तो रिकामा असताना. तेव्हा मी गळ्यापर्यंत भरलो होतो.

चार वाजता मोजणी सुरू झाली. हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. ड्यूटी संपवून क्रेनवाले परत आले होते. केयूर पन्नास, बिलकीस एक्कावन्न. केयूर ऐंशी, बिलकीस ऐंशी. आणि मग रमणकाकांनी यासिरची चिठ्ठी उलगडली.

चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "बाद."

असं नऊ वेळा झालं. प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली गेला. शेवटचा आकडा आला तेव्हा केयूर एकशे तेरा, बिलकीस एकशे नऊ. बाद नऊ. त्या नवांपैकी आठ तिची होती. जिंकली असती हो पोर!

बिलकीसनं टेबलावर पडलेल्या चिठ्ठीवरचं अक्षर ओळखलं. "यासिर, तुम्ही पण?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. यासिर पुढं आला आणि त्यानं नेमकं वर्मावर बोट ठेवलं. "रमणकाका, दहा वर्षं तुम्हीच शिकवता ना, सही नाही तर सामान नाही. मग आज सही केली तर मत खलास?"

काकांनी बाद चिठ्ठ्या गोळा करून माझ्या झाकणावर ठेवल्या. गर्दीतून आवाज चढले. "मोजा, मोजा! सगळ्यांना माहीत आहे कुणाची आहेत ती!"

बिलकीसनं डोळे पुसले. "नको," ती म्हणाली. "उद्या माझ्या विरुद्ध असं झालं तर मी नियमच मागेन. काका बरोबर आहेत. मी हरले." आणि खुर्चीवर बसली.

तेवढ्यात हाफिजा उठली. इथल्या दवाखान्यातली नर्स. "त्या नऊमध्ये माझी पण आहे. सवयीनं लिहिलं. पण नाव लिहिण्यात मला लाज कसली? सावली पाहिजे म्हणून मी कुठंही सही करीन." तिनं वहीचा एक कोरा कागद फाडला आणि माझ्या पाठीवर ठेवून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आमच्या मुलांना सावली द्या.' खाली नाव, सही, कार्ड नंबर, मोबाइल.

मग यासिरनं लिहिलं. मग उरलेल्या सात जणांनी. आणि मग काय सांगू! सकाळी लागली होती तशी रांग परत लागली. पेनांच्या टोकांनी माझ्या पाठीला गुदगुल्या होत होत्या. केयूरला मत दिलेले लोकसुद्धा लिहीत होते, मला तर माहीतच होतं ना कोण कुणाचं ते!

शेवटी केयूर आला. त्यानं सगळा कागद वाचला. "बिलकीसताई, माझी मुलगी माझ्या गाडीतून येते. मी दीड वाजता फाटकावर कधी उभाच राहिलो नाही."

"मग या रविवारी," ती म्हणाली. "टोपी न घालता."

इथं शाळेला सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवारी शाळा भरते. तो आला, खरंच. वीस मिनिटं उभा राहिला. घामानं शर्ट अंगाला चिकटला. समितीच्या पहिल्या सभेत त्यानं रोबोटांचा कागद बाजूला ठेवला आणि तो एकशे साठ सह्यांचा अर्ज पुढं केला. एप्रिल उजाडायच्या आत फाटकावर हिरवं छप्पर ताणलं गेलं, खाली बाकंही आली.

मी काही सोमवारी घरी गेलो नाही. भोक पडलेल्या डब्यात पीठ कोण ठेवणार? काकींनी प्लॅस्टिकचा डबा घेतला आणि त्यात किडे होतात म्हणून त्या अजून काकांना बोल लावतात. मला ऐकायला बरं वाटतं. काकांनी मला हिरवा रंग दिला, 'सूचना' असं लिहिलं आणि इथं आणून ठेवलं. दर गुरुवारी स्वतः येऊन कुलूप उघडतात.

दीड वाजतो. अमरीन येते, माझ्या झाकणावर दोन टिचक्या मारते आणि सावलीतल्या बाकावर पाय हलवत बसते. मी टणटण वाजतो.

तेव्हा बाबांनो, एक विनंती. मत देताना चिठ्ठीवर फक्त खूण करा, फार हात शिवशिवले तरी. पण माझ्या पोटात काही टाकायचं असेल तर खाली नाव, सही, कार्ड नंबर, मोबाइल, सगळं बिनधास्त लिहा. इथं ते बाद होत नाही.