निळी फुली

यांच्या पायावर रंग दिसला की माझे हात शिवशिवतात. रंगाऱ्याशी लग्न करून वीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी मी घासणी घेऊन बसते आणि हे "गुदगुल्या होतात गं!" म्हणत पाय ओढतात. परवा शिडीवरून पडून यांच्या खुब्याची वाटी फुटली, काल ऑपरेशन झालं, हाडाला धातूच्या पट्ट्या बसल्या. आज दुपारी अंग पुसताना पावलावर निळी फुली दिसली. दवाखान्यातही रंग सोबत! साबण लावून खसाखसा घासली. गुदगुल्यांनी हसू आलं की खुबा दुखतो, म्हणून यांनी मला चार शिव्याही घातल्या.

तेवढ्यात पाळी बदलली. नवी सिस्टर पायाशी वाकली. "नाडीची फुली कुठंय?"

"कसली फुली?"

"निळी. या ऑपरेशनात जांघेतली मोठी शीर ओढली जाते, कधी तिच्यात रक्ताची गुठळी होते. म्हणून पावलावर नाडी लागते तिथे खूण करतात आणि दर तासाला तिथेच बोट ठेवून बघतात."

"मी पुसली. मला रंग वाटला."

सिस्टरने बराच वेळ चाचपलं. "लागत नाहीये. सूज आहे, माझी जागाही चुकत असेल. थोड्या वेळाने बघू."

"पाय गार पडलाय," हे कुरकुरले. "मुंग्या येतायत. हिच्याच पाण्याने."

पाणी चांगलं कोमट होतं! मला स्वतःचाच संताप आला. या पावलाचा कण न् कण मला पाठ आहे. "जागा चुकायचं नावच नको, सिस्टर. हा चुन्याने भाजल्याचा जुना डाग. याच्या शेजारी बोटभर अंतरावर होती फुली. इथे!" म्हणून मी बोट दाबलं, तळव्यावरूनही नख फिरवलं.

हे हसले नाहीत. पाय ओढला नाही. "काय करतेयस?" एवढंच विचारलं.

"सिस्टर, यांना गुदगुल्या होत नाहीयेत!" मी ओरडलेच.

तिने माझ्या बोटाच्या जागी बोट ठेवलं, मग दुसऱ्या पावलावर, पुन्हा इथे. आणि धावत सुटली.

मोठे डॉक्टर आले. नाडीचा आवाज ऐकवणारं पेनाएवढं यंत्र त्यांनी चांगल्या पायाला लावलं. सूं-सूं, सूं-सूं. या पायाला लावलं. चिडीचूप.

"गुठळीच. आत्ताच काढायला हवी, नाहीतर पाय जाईल."

पाय गेल्यावर शिडीवर कोण चढणार? स्ट्रेचर पळालं, मागे मी पळाले, एक चप्पल कुठे राहिली देव जाणे. दाराबाहेर बसून स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. दीड तासाने दार उघडलं.

"निघाली गुठळी! तुम्ही जागा दाखवली म्हणून वेळेत कळलं," डॉक्टर म्हणाले आणि निळं पेन माझ्यापुढे धरलं. "पुसली तुम्ही, आता काढाही तुम्हीच."

यांची नुसती जांघेतली जागा बधिर केली होती, हे टक्क जागे होते. मी बोट ठेवलं. पाऊल ऊबदार होतं आणि आत टक, टक, टक! मी पेन टेकवलं.

"अगं ए! गुदगुल्या होतात ना!"

मी फुली आणखी तीनदा गिरवली.