कपाटाचं दार

काका खोलीत आले की अणू नाहीसे व्हायचे. एकदा-दोनदा योगायोग म्हणावा. सलग अकरा वेळा? कुठेतरी पाणी मुरत होतं.

काका म्हणजे प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ; ती तिथली पीएचडीची विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधाची सगळी भिस्त काही लाख अणूंच्या ढगावर होती, लेझरच्या सापळ्यात जवळजवळ गोठवलेल्या. इतक्या थंडीत अणूंना एकमेकांची ओढ किती वाटावी, हे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र ठरवतं. ते जरा ढळलं की ओढ अनावर होते. तिघं एकत्र येतात, दोघांची जोडी जमते आणि त्या झटक्यानं तिघंही सापळ्याबाहेर.

मागच्या महिन्यात काका तिची वही चाळताना दिसले होते. त्याच दिवशी तिनं लोखंडी कपाट प्रयोगाच्या टेबलालगत ओढून आणलं आणि वही त्यात ठेवली. आज वहीखाली प्रमुखांना लिहिलेलं पत्रही होतं : काकांना इथून हलवा. पाच वाजता द्यायचं.

काका आले. तिनं सवयीनं कपाट लावून किल्ली खिशात टाकली. पडद्यावरचा ढग विरला.

"गेले?"

"तुम्हाला ठाऊकच असेल."

"आहे ना, कालपासून." काका स्टुलावर टेकले. "सकाळी तू एकटी असताना क्षेत्र जुळवतेस, तेव्हा कपाट सताड उघडं. मी आलो की धाडकन बंद. केवढं लोखंड ते, सापळ्यापासून हातभर; दार हललं की क्षेत्र ढळणारच. पटत नसेल तर मी बाहेर थांबतो, तू करून बघ."

ते गेले. दार उघडं, ढग टिकला. दार बंद, ढग गेला. तिनं तीनदा करून पाहिलं.

"पण वही कशाला चाळत होतात?" काका परतल्यावर तिनं विचारलं. आवाज अजून चढाच.

"चुंबकाच्या कॉइलचा प्रवाह कितीवर ठेवतेस ते बघायला. सकाळी मीच ती सुरू करून ठेवतो. तू येईपर्यंत ती तापून स्थिर झालेली बरी."

"मला वाटायचं, रात्री मीच ती बंद करायला विसरते."

"रोज?" काका हसले. "चल, कपाट हलवू. आधी रिकामं कर, माझी कंबर धरते."

सामान घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिनं वही दिली. थोडं थांबून पत्रही दिलं.

काकांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"पाच वाजता?"

"नाही. आता नाही."

त्यांनी घडी घालून पत्र स्वतःच्या खिशात ठेवलं.

"खालून धर," ते म्हणाले. "उचलायचं. ओढायचं नाही."