बसप्पाचा बेडका

माणसाच्या आत जे असतं ते एक दिवस बाहेर येतंच, असं मोठमोठे लोक सांगून गेलेत. नेकनूरचा किराणावाला बसप्पा याच्या आतलं रोज पहाटे बाहेर येई. पिवळसर, चिकट आणि चांगलं घोटभर.

त्यावरच लेकीचं लग्न अडलं होतं. युसूफ वडगावचे कल्याणराव शिवगंगेला सून करून न्यायला राजी होते, पण व्याह्याचा खोकला दम्याचा की क्षयाचा, हे आधी कळायला हवं होतं. "दमा आसंल तर आमची ना न्हाई," ते म्हणाले. "क्षय आसंल, तर आमी आलोच नव्हतो."

अशात निजाम सरकारचा डॉक्टर खुर्दबीन, म्हणजे बारीकसारीक मोठं करून दाखवणारी दुर्बीण, घेऊन दौऱ्यावर आला. त्यानं कल्याणरावांसमोरच बसप्पाला काचेची बरणी दिली. "सुबह का बलगम इसमें रखना. दमा हो तो बारीक सुइयाँ दिखेंगी, दोनों तरफ से नोकदार."

बसप्पानं पहाटे इमानानं बेडक्यानं बरणी भरली आणि तो आंघोळीला गेला.

चावडीत अंधार, म्हणून खुर्दबीन बसप्पाच्या ओट्यावर उन्हात मांडली. कल्याणरावांदेखत डॉक्टरनं बरणीचं झाकण काढलं. आत रवाळ तूप होतं.

"हे कावून गं?" बसप्पानं दाराआड बायकोला विचारलं.

"सायबाची बरणी घाण करून ठिवलती तुमी," शिवम्मा म्हणाली. "राखेनं घासली. आन दुसऱ्याचं भांडं रिकामं देत्यात व्हय?"

डॉक्टरनं तुपाचा वास घेतला, बरणी जपून पेटीत ठेवली आणि तो दुसरी आणायला चावडीकडं गेला.

"तवर खोकून घ्या, पाव्हणं," कल्याणराव म्हणाले.

बसप्पानं जोर लावला. रातभर गल्ली जागवणारा खोकला नव्या नवरीसारखा आत बसून राहिला.

"काल तर लई येत हुता."

"काल तुमी बघत नव्हता," बसप्पा म्हणाला.

ऊन चढलं. कल्याणरावांना वडगाव गाठायचं होतं. त्यांनी एक डोळा मिटून दुसरा खुर्दबिणीला लावला. बसप्पा पुढं सरकला.

"काय दिसतंय?"

"थांबा... हायेत. सुया हायेत. दोनी टोकं अणकुचीदार."

"म्हंजी दमाच?"

"अस्सल दमा," म्हणत कल्याणरावांनी त्याला मिठी मारली. शिवम्मानं गूळ आणला, शिवगंगेला कुंकू लागलं.

डॉक्टर रिकामी बरणी घेऊन परतला. खुर्दबिणीखाली बेडक्याची काच अजून लावायचीच होती.