बादलीतली नळी

तेओफीलने तिसरी काडी ओढली आणि घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या कडेखाली धरली. ज्योत आत झुकायला हवी होती. ती उलटी त्याच्या अंगठ्याकडे वळली, थरथरली आणि विझली. काडीचा धूर वर धुराड्यात जायचा सोडून त्याच्या तोंडावर आला.

चौथी काडी त्याने ओढली नाही. हात लांब करून भट्टीचं बटण बंद केलं. मग गुडघ्यावर हात रेटत उठला आणि भिंतीच्या वरच्या अंगाला असलेली छोटी खिडकी दोन धक्के मारून उघडली. बाहेर बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत चढला होता. त्यातला थोडा आत, त्याच्या बाहीवर पडला.

"काय कुमे, झोपलात की काय खाली?" वरून जिन्याच्या तोंडाशी परास्काचा आवाज आला. "की माझ्या भट्टीशीच गप्पा चालल्यात?"

"हिच्याशी बोललेलं बरं. मध्येच तोडत नाही."

"चहा टाकलाय. गार झाला तर दुसरा करणार नाही, आत्ताच सांगते."

"तळघराचं दार उघडं ठेवा. आणि स्वयंपाकघराची एक खिडकीही उघडा."

"उणे तीस आहे बाहेर!"

"पाच मिनिटं उघडा म्हणतोय, कुमो."

परास्का काहीतरी पुटपुटली, पण खिडकी उघडल्याचा आवाज आला. छत्तीस वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या, दार्काच्या, नामकरणाला तेओफीलने तिला चर्चमध्ये हातावर धरलं होतं. तेव्हापासून, धर्मपित्याच्या त्या नात्याने, दोन्ही घरं एकमेकांना कुमे आणि कुमो म्हणत आली. परास्काचा नवरा इलार्को तेवढा त्याला नुसतं तेओफील म्हणायचा, आणि रागावला की "ए गॅसवाल्या" म्हणायचा.

डॉफिन गावातल्या अर्ध्या घरांतल्या भट्ट्या तेओफीलने बसवल्या होत्या. ही सुद्धा. सहा वर्षांपूर्वी त्याने हत्यारांची पेटी बंद केली, पण लोक बोलवायचे आणि तो जायचा. काल चर्चमधून निघताना परास्का म्हणाली होती, "शुक्रवारी दार्का येतेय, पोरींना घेऊन. इलार्कोच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला. पोरी खाली तळघरात झोपतील, तिथंच ऊब असते. एकदा भट्टी बघून जा." ती हेही म्हणाली होती की, हल्ली तिचं डोकं सारखं दुखतं. रडण्यानं असेल.

भट्टीजवळ इलार्कोची खुर्ची अजून तशीच होती. हातांवरचं कापड झिजलेलं, शेजारी स्टुलावर रेडिओ. जेवणानंतर तो इथे येऊन बसायचा, बातम्या लावायचा आणि बातम्या सुरू होण्याआधीच घोरायचा. जानेवारीत एका दुपारी चार वाजता परास्काने वरून चहासाठी हाक मारली. तिसऱ्या हाकेला ती खाली आली. मग तिने डॉक्टरला फोन करायच्या आधी तेओफीलला केला. त्यानेच इलार्कोला खुर्चीतून उचलून कॉटवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय अठ्ठ्याहत्तर, आधी दोनदा झटका येऊन गेलेला. कुणी आणखी काही विचारलं नाही. कॉटवर ठेवताना इलार्कोचे गाल गुलाबी दिसत होते, नुकतंच कुणी बर्फात खेळून आल्यासारखे. तेओफील परास्काला म्हणालाही होता, "बघा, किती शांत दिसतोय. तोंडावर रंग आहे."

तेच शब्द आता त्याला आठवले. चाळीस वर्षं गॅसचं काम केलेला माणूस, आणि विषारी वायूने गालांवर चढणारा तो रंग त्याला ओळखता आला नव्हता.

त्याने पेटीतून आरसा आणि बॅटरी काढली. धुराड्याच्या तळाशी काजळी काढायचं लोखंडी दार होतं. ते उघडून आरसा तिरका आत धरला. वर, खूप वर, आभाळाचा चौकोनी तुकडा दिसला, स्वच्छ, निळा. मध्ये कुठे वीट पडलेली नव्हती. पाखराचं घरटं नव्हतं. बर्फ नव्हता. आरसा त्याने तसाच बराच वेळ धरून ठेवला. एखादी वीट ढासळलेली असती तर बरं झालं असतं. विटेला कुणी काही म्हणत नाही.

भट्टीपासून धुराड्यापर्यंतचा पत्र्याचा पाइप त्याने हाताने चाचपला. सांधे घट्ट होते. स्क्रू त्याचेच, तीन-तीन, जिथे असायला हवेत तिथे.

मग तो कोपऱ्यातल्या बादलीकडे वळला.

या गावच्या प्रत्येक तळघरात अशी बादली असते. बाहेरच्या भिंतीतून एक जाड नळी आत येते, खाली उतरते आणि बादलीत तोंड घालून थांबते. ज्वाळेला हवा लागते. बाहेरची थंड हवा बादलीत साचते आणि लागेल तेवढीच काठावरून उतरते. परास्काने बादलीपुढे लोणच्याच्या बरण्यांचं खोकं सरकवून ठेवलं होतं. तेओफीलने ते बाजूला केलं.

नळीच्या तोंडात एक गोल उशी बसवलेली होती. निळ्या चौकडीच्या जाड कापडाची. इलार्कोचा जुना शर्ट त्याने ओळखला. कडेने दुहेरी शिलाई, टाके एकसारखे, आणि बाहेर ओढायला मध्ये एक छोटा बंद शिवलेला. माप इतकं अचूक होतं की बोटही आत जाईना. बंद धरून त्याने ती ओढली, तेव्हा ती बाटलीच्या बुचासारखी आवाज करून निघाली. त्यासरशी थंडी पाण्यासारखी बादलीच्या काठावरून वाहिली आणि त्याच्या पावलांवर आली.

त्याने खिडकी लावली, वरचं दार आणि खिडकी लावायला सांगितली, भट्टी सुरू केली आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. पाच मिनिटांनी काडी ओढली. ज्योत आत झुकली. धूर एका दोऱ्यासारखा ओढला जाऊन पत्र्याखाली नाहीसा झाला. त्याने दुसरी काडी ओढून पाहिली, मग तिसरी. तिन्ही वेळा धूर आत गेला.

आणखी तपासायचं काही उरलं नव्हतं.

वर परास्काने टेबलावर दोन पेले ठेवले होते आणि बशीत खसखशीच्या वड्या. ती लहान चणीची, हातांची मोठी बाई होती. सत्तर वर्षांत ते हात रिकामे बसलेले कुणी पाहिले नव्हते. आताही चाळिसाव्यासाठी गहू निवडायला घेतले होते.

"सापडलं काही?"

तेओफीलने उशी पाठीमागे धरली होती. ती त्याने खुर्चीच्या पायाशी ठेवली.

"धुराड्याच्या तोंडाशी बर्फ धरला होता. काढला."

"छपरावर चढलात? या वयात? पडला असतात म्हणजे मला दोन चाळिसावे करावे लागले असते."

"खालूनच काढला. काठीनं."

"बरं झालं. म्हणजे आता भट्टी ठीक."

"ठीक आहे. फक्त ही," त्याने पायाने उशी जरा पुढे सरकवली, "ही काढलीय. पुन्हा घालायची नाही."

परास्का गहू निवडायचं थांबली. "का म्हणून?"

"भट्टीला हवा लागते."

"घरभर हवा आहे की! ती काय एकटी सगळी पिते?"

"बाहेरची लागते. आता नियम आहे, कुमो. दंड होतो."

"कोण बघायला येणारे? पोलीस माझ्या बादलीत डोकावणार?" ती हसली आणि लगेच हसू आवरलं, या महिन्यात हसल्याबद्दल तिला स्वतःचाच राग येत असावा. "पोरी खाली झोपणारेत. त्या नळीतून कसली थंडी येते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेलात की परत घालणार मी. तोंडावर हो म्हणायचं आणि मागून करायचं, ते मला जमत नाही, म्हणून आधीच सांगते."

तेओफीलने चहाचा घोट घेतला. तो अजून कढत होता.

"मग ही मला द्या," तो म्हणाला. "त्याच्या शर्टाची आहे. आठवण म्हणून ठेवीन."

"घेऊन जा. मी दुसरी शिवते. तसला दुसरा शर्ट आहे त्याचा, हिरवा." तिने उशी उचलली, मांडीवर घेतली आणि शिलाईवरून अंगठा फिरवला. "ही एका संध्याकाळी शिवली. घातली त्या दिवशी खुर्चीतून ओरडून म्हणाला, परास्को, या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझे पाय गरम आहेत. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही शिवणकामाला बरं म्हणाला नव्हता तो."

तेओफील उठला. दाराशी जाऊन बुटात एक पाय घातला. शुक्रवारच्या आत परत येऊन नळीवर जाळीचं तोंड बसवता येईल, असा हिशेब त्याने केला. जाळी स्क्रूने आवळली की परास्काला नळीत काही कोंबता येणार नाही. बर्फाची गोष्ट तशीच राहील.

"आणि तुम्हीच आज नको म्हणताय, याची गंमत वाटते," मागून परास्का म्हणाली. "तुम्हीच तर सांगितलंत."

"काय सांगितलं?"

"टोपरं शिवायला. चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळत होतात तेव्हा. हसत घरी आला, म्हणाला, तेओफील म्हणतो, बायकोला सांग त्या नळीला टोपरं शिवायला. मी म्हटलं, अहो, थट्टा करतात ते तुमची. तर म्हणाला, भट्टीतलं तेओफीलला कळत नाही तर कुणाला कळतं? मग मीही म्हटलं, त्याअर्थी चालत असेल."

तेओफीलचा हात बुटाच्या नाडीवर होता.

हॉलमध्ये चौघे होते. बाहेर उणे अडतीस. इलार्को तासभर पायांचंच रडगाणं गात होता आणि पत्ता टाकायला उशीर लावत होता. तेओफीलच्या हातात एक्का होता. मान वर न करता तो काहीतरी बोलला होता आणि बाकीचे दोघे टेबलावर हात आपटून हसले होते. इलार्कोही हसला होता. काय बोललो, ते घरी जाईपर्यंतही तेओफीलच्या लक्षात राहिलं नव्हतं. डाव जिंकला, तेवढं आठवत होतं.

मघापासूनची बर्फाची गोष्ट त्याने तिच्यासाठी रचली होती. आता ती त्याच्याही सोयीची झाली होती.

त्याने नाडी सोडली. बुटातला पाय काढला, दोन्ही बूट पायपुसण्यावर शेजारी शेजारी लावले, आणि टेबलाशी परत येऊन बसला.

"काय विसरलात?" परास्काने विचारलं.

"बर्फ नव्हता, कुमो."

ती बघत राहिली.

"धुराडं स्वच्छ आहे. भट्टीही चांगली आहे. नळी बंद असली की भट्टीला हवा पुरत नाही. मग धुराडं ओढत नाही आणि जे वर जायचं ते घरात उतरतं. त्याला वास नसतो. तुमचं डोकं दुखतं ते त्यानं." तो थांबला. पुढचं वाक्य त्याने टेबलाकडे बघत म्हटलं. "त्याचं हृदय नव्हतं थांबलं. आपणहून नव्हतं थांबलं."

परास्काच्या मांडीवर उशी होती. तिने ती बाजूला ठेवली नाही, फेकली नाही. तिचे मोठे हात तिच्यावर तसेच पालथे पडून राहिले.

"मी वर होते," ती म्हणाली. "भांडी घासत होते."

"थट्टा होती ती माझी. मी बोललो आणि विसरून गेलो. तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवलात. आणि त्या दिवशी मीच त्याला उचललं. त्याचा रंग पाहिला. तरी मला कळलं नाही."

"त्याला कळलं असेल?"

"नाही. झोप लागते नुसती."

"हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. बर्फासारखं."

"नाही, कुमो. हे खरं आहे."

ती हलकेच मान हलवत राहिली, हो म्हणत होती की नाही म्हणत होती ते कळत नव्हतं. मग तिने डोळे पुसले नाहीत, पण निवडलेले गहू हाताने एका बाजूला केले आणि न निवडलेले दुसऱ्या बाजूला, जणू आधी तेवढं व्हायला हवं होतं.

"न सांगता गेला असतात तर दुसरी शिवली असती मी," ती म्हणाली. "आज संध्याकाळीच."

परास्का उठली. भिंतीवरचा फोन काढून तिने त्याची लांब दोरी ओढत टेबलापर्यंत आणली.

"दार्काला सांगायला हवं."

"मी सांगतो."

"दोघं सांगू. टोपरं कुणी शिवलं ते मी सांगेन. शिवायला कुणी सांगितलं ते तुम्ही." तिचा आवाज कोरडा होता. त्यात राग होता का, ते त्याला ओळखता आलं नाही. राग असेल तर तो कुणावर, हे तिलाही अजून ठाऊक नसावं. "तुमची धर्मकन्या आहे ती. ऐकून घ्यावं लागेल तुम्हाला."

"घेईन."

तिने चष्मा न लावता नंबर फिरवला. तो तिला पाठ होता. रेजायनात, जवळजवळ चारशे किलोमीटरवर, बेल वाजत राहिली. शाळा सुटून गेली होती. फोन धाकट्या नातीने उचलला. तिचं मोठ्याने हॅलो म्हणणं टेबलापलीकडे तेओफीललाही ऐकू आलं.

परास्काने तोंडावर हात ठेवला. मग हात काढून, रोजच्या आवाजात, तिने आधी विचारलं:

"काय ग, जेवलीस का?"