जिथे उंदीर चढत नसे

मित्रांनो, मी भाताचे एक जुने कोठार आहे. कॅस्पियन समुद्र आणि जंगलाचे डोंगर यांच्यामधल्या गीलानच्या ओल्या पट्टीत, तीर्थयात्रा करून आल्यामुळे 'मशदी' म्हटल्या जाणाऱ्या ऐनुल्लाच्या अंगणात, चार उंच पायांवर मी उभे आहे. इथली उन्हाळ्याची हवा अशी की सकाळी वाळत घातलेला सदरा संध्याकाळी अधिकच जड लागतो. म्हणून कापलेल्या भाताच्या पेंढ्या कोणी जमिनीवर ठेवत नाही. त्या माझ्या पोटात रचतात.

माझे पाय आझाद नावाच्या झाडाचे. ऐनुल्लाच्या आजोबांनी ते तासले, गुळगुळीत केले आणि वर मेंढीची चरबी चोळली. प्रत्येक पायाच्या माथ्यावर त्यांनी जात्याच्या तळीएवढी रुंद लाकडी चकती बसवली. पायावरून चढत आलेल्या उंदराचे डोके चकतीच्या खालच्या बाजूला टेकते, पुढे धरायला काही उरत नाही आणि तो आल्या वाटेने खाली पडतो. गावात दुसरी कोठारेही होती, पण त्यांच्यात उंदीर शिरल्याच्या कहाण्या होत्या. माझी एकही नव्हती. लग्न ठरवायला आलेले पाहुणे मुलगा पाहण्याआधी मला पाहत, असे ऐनुल्लाची आई सांगे, आणि मला ते खरे वाटे.

अर्थात, चकत्या कितीही रुंद असल्या तरी शिडी टेकवून ठेवली की सगळे व्यर्थ. म्हणून गीलानच्या घरांत एक नियम असतो: वरून खाली उतरलेल्या माणसाने शिडी काढायची आणि दूर नेऊन ठेवायची. आमची शिडी गोठ्याच्या भिंतीला लागून आडवी पडलेली असे. हा नियम ऐनुल्लाने जितक्या निष्ठेने पाळला, तितक्या निष्ठेने त्याने नमाजही पाळला नसेल.

त्याची बायको तलअत त्याला यावरून छळत असे. त्या बुधवारी दुपारीही तिने छळले.

"मशदी, राहू द्या ना शिडी! या पेंढ्या वाळल्या की पुन्हा चढवायच्याच आहेत."

"राहू दे म्हणे! उद्या उंदराला चहा विचारशील."

"विचारीन की. तुमच्यापेक्षा वेळेवर तरी येईल तो!"

ऐनुल्ला हसला, शिडी खांद्यावर घेतली आणि गोठ्यापाशी ठेवून आला. घरातला रेडिओ सांगत होता की डोंगरात विजांसह जोरदार पाऊस पडेल, नद्यांना अचानक पूर येण्याचा धोका आहे, लोकांनी काठावर थांबू नये.

"ऐकलंत का?" तलअत म्हणाली.

"हा रोजच ओरडतो. कापणीच्या दिवसांत त्याला दुसरं काम नाही." लसणाच्या जुड्या उचलून तो बाजाराला गेला.

मित्रांनो, रेडिओ रोज ओरडत होता हे खरे आहे, आणि तो रोज का ओरडू लागला हे विचारायला फार विद्वत्ता लागत नव्हती. माझ्या तरुणपणी डोंगरावर इतके दाट जंगल होते की वर पडलेला पाऊस आमच्याकडे दमूनभागून, मवाळ होऊन येई. मग ट्रक आले. जंगलाला त्यांच्या कागदांत 'साठा' म्हणत, आणि साठा म्हटले की तो उपसायचाच असतो. तोडलेल्यांपैकी चांगली खोडे खाली गेली, वाकडी तिथेच टाकली. त्यानंतर राजधानीतली सुखवस्तू मंडळी आली. त्यांना पाण्याचा आवाज ऐकत झोपायचे होते, म्हणून त्यांनी नदीच्या पात्रातच बंगले बांधले. नदीने आपले अंग चोरून घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या गाड्यांसाठी वरच्या रस्त्याखाली सिमेंटचा बुटका पूल झाला. उद्घाटनाला मेंढा कापला आणि टाळ्या वाजल्या.

त्या दुपारी आमच्या अंगणात पावसाचा थेंबही पडला नव्हता. फक्त डोंगरावर आभाळ शाईसारखे झाले होते आणि गडगडाट जमिनीतून माझ्या पायांत चढत होता. तलअत पेंढ्या उचलून ताडपत्रीखाली सरकवत होती. तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणणारा मिनीबसवाला सिफतअली रस्त्याच्या बांधावरून ओरडला,

"तलअत खाला, सोडा ते भात! वर या! पुलाशी खोडं अडकलीत, पाणी तुंबलंय!"

"अरे, इथं थेंब नाही पडला आणि तू मला पूर दाखवतोस?"

"खाला, तुम्हाला माझी शपथ, या!"

"एवढ्या चार पेंढ्या टाकते आणि आलेच. मशदी आले की भाताचं विचारतील, तुझं नाही विचारणार."

पूल तेव्हाच फुटला. तुतीच्या झाडांमधून पाणी आले. ते पाण्यासारखे दिसत नव्हते, चालत येणाऱ्या तपकिरी भिंतीसारखे दिसत होते आणि भिंतीत झाडांची खोडे होती. बांधाकडची वाट आधी गेली. मग गोठ्याची मातीची भिंत बसली आणि शिडी माझ्यासमोरून एकदा गिरकी घेऊन वाहून गेली.

तलअत माझ्याकडे धावली. तिचे काहीही चुकले नव्हते. तिच्या सासूने तिला सांगितले होते की फार पूर्वीच्या एका पुरात सगळे घर माझ्या पोटात बसून वाचले होते. आजोबांनी माझे पाय केवळ उंदरांसाठी इतके उंच केले नव्हते. पण त्या वेळी शिडी लावलेली होती.

"मशदी, शिडी!" ती ओरडली. मशदी बाजारात होता.

तिने माझ्या पायाला मिठी मारली. चरबीवरून हात घसरत होते, तरी ती चढली. पाण्यानेही तिला थोडे उचलून दिले. तिचे डोके चकतीला लागले. एक हात तिने बाहेर काढून चकतीच्या कडेवर टाकला, नखे रोवली आणि दुसरा हात काढायला गेली. माझी चकती आजोबांनी मन लावून केली होती. चकतीने आपले काम केले.

पाणी ओसरल्यावर साहेब लोक आले. त्यांनी अहवालात या पुराला 'अभूतपूर्व' म्हटले. मागे वळून न पाहणाऱ्याला हा शब्द नेहमीच सापडतो. तो लिहिताना एकाने माझ्या पायावर हात टेकला होता, नेमका त्या जागी जिथे जुन्या पुराच्या गाळाची रेघ आहे. बंगले दुरुस्त झाले. पूल पुन्हा झाला, तितकाच बुटका.

ऐनुल्लाने नवी शिडी केली आणि खिळ्यांनी माझ्या दाराला ठोकून टाकली. ती आता कोणी काढत नाही. उंदीर खुशाल येतात, भात खातात, पिल्ले घालतात. सिफतअली एकदा म्हणाला, "मशदी, निम्मं भात गेलं की!" ऐनुल्ला म्हणाला, "जाऊ दे. त्यांना वर तरी येता येतं."

मित्रांनो, माझी निगा राखा अशी विनंती मी करणार नाही. माझी निगा फार चांगली राखली गेली होती. विनंती एवढीच की डोंगरावर आभाळ काळे झाले तर आपल्या अंगणातल्या कोरड्या जमिनीवर विश्वास ठेवू नका, आणि बोलावणाऱ्याला भाताचे कारण सांगू नका.

उन्हाळ्यात गडगडाट सुरू झाला की माझ्या त्या चकतीखाली नखांचा आवाज होतो. ऐनुल्ला अंगणात येऊन उभा राहतो आणि ऐकतो. उंदीर असतील, असे त्याला कोणी सांगत नाही. उंदीर शिडीने येतात.